दूध पुरत होतं, तरी बाळ वाढत नव्हतं



आषाढ जवळ आला की घराघरांत एकच बोलणं सुरू होतं, या चातुर्मासात काय सोडायचं? कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी एकासन धरतं, कुणी एखादा रस सोडतं. माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी मला पाचवा महिना होता आणि मी दूध सोडलं. खरं सांगायचं तर त्यात त्याग फारसा नव्हताच. दूध मला लहानपणापासून आवडत नव्हतं, चहात पडेल तेवढंच पोटात जायचं. त्या वर्षी चहाही गेला. घरात कौतुक झालं आणि मलाही बरं वाटलं.

कार्तिकात बाळ झालं. वजन पावणेतीन किलो. पहिले तीन महिने अंगावर पिऊन छान भरलं. मग हळूहळू वजनाचा काटा अडला. महावीर जयंतीला त्याला पाच महिने झाले होते, तेव्हा जन्माच्या दुप्पट व्हायला हवं ते वजन सव्वापाचच्या पुढे सरकत नव्हतं. पण वजनापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने माझं काळीज हललं. हसणारं बाळ हसेनासं झालं. धरलेली मान पुन्हा सैल पडली. बोटांच्या पेरांवर काळपट डाग आले, केस विरळ आणि तांबूस दिसू लागले. दिवसभर नुसतं पडून असायचं.

घरात जे होतं तेच झालं. दृष्ट काढली. गुटी बदलली. सासूबाई म्हणाल्या, "हिचं दूध पातळ आहे, वरचं सुरू करा." मीही मनात तेच धरून बसले होते. शेवटी ज्या डॉक्टरबाईंकडे गेलो, त्यांनी बाळाला तपासलं आणि मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही काय खाता?"

मला वाटलं, आता अंडी खा म्हणून सांगणार. त्यांनी तसं काही सांगितलं नाही. माझं आणि बाळाचं रक्त तपासलं. दोघांतही बी-१२ जवळजवळ नव्हतं. दोघांना इंजेक्शनं सुरू झाली. आठवडाभरात माझं बाळ पुन्हा माझ्याकडे बघून हसलं.

त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचत आले आहे. आज त्याचाच इतिहास तुम्हाला सांगायचा आहे, कारण त्यातला बराचसा आपल्याच देशात घडला आहे, आणि तो आपल्या ताटाशी थेट जोडलेला आहे.

"दूध पुरत नाही" हा जुना ठपका

आधी या ठपक्याबद्दल. बाळ जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत थोडं उतरतं, दोन आठवड्यांत ते भरून काढतं आणि मग पहिले तीन महिने रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढतं. पुढे हा वेग कमी होतो. हे नैसर्गिक आहे. पण अनेक वर्षं दवाखान्यांत जो वाढीचा तक्ता वापरला जायचा, तो हे नीट दाखवतच नव्हता.

तो तक्ता १९७७ मध्ये अमेरिकेत तयार झाला. त्यातली तान्ह्या बाळांची मापं ओहायो राज्यातल्या यलो स्प्रिंग्ज या गावाच्या परिसरातल्या एका दीर्घ अभ्यासातून घेतली होती. ती बहुतेक गोऱ्या, सुखवस्तू घरांतली आणि डब्याच्या दुधावर वाढलेली मुलं होती. जागतिक आरोग्य संघटनेने तोच तक्ता साऱ्या जगासाठी उचलला. परिणाम असा झाला, की अंगावर पिणारं धडधाकट बाळसुद्धा तीन-चार महिन्यांनंतर त्या तक्त्यावर मागे पडल्यासारखं दिसायचं. मग आईला सांगितलं जायचं, दूध पुरत नाही, वरचं द्या. आपल्या आया-मावश्यांपैकी कितीजणींनी हे ऐकलं असेल!

पुढे १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत नव्याने मोजमाप झालं. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. आपल्याकडची मुलं दक्षिण दिल्लीतली होती. एकूण साधारण साडेआठ हजार मुलं. यातल्या तान्ह्या बाळांसाठी अट अशी, की ती अंगावर पिणारी असावीत, आई धूम्रपान करणारी नसावी आणि घरची परिस्थिती वाढीच्या आड येणारी नसावी. या सहा ठिकाणच्या बाळांची उंची जवळजवळ सारखीच वाढली. म्हणजे आई नीट पोसलेली असेल आणि घर स्वच्छ असेल, तर पहिल्या वर्षांत बाळ कोणत्या देशाचं याने फारसा फरक पडत नाही. २००६ मध्ये हे नवे तक्ते आले. आज अंगणवाडीत आणि दवाखान्यात वापरतात ते यांच्यावरच आधारलेले आहेत.

एवढं कळल्यावर माझा अर्धा अपराधभाव गेला. माझं दूध कमी नव्हतंच. पण मग दुधात नेमकं काय कमी होतं? त्यासाठी आणखी मागे जावं लागतं, थेट मुंबईच्या गिरणगावापर्यंत.

मुंबईतल्या गिरणीकामगार बायका

१९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा पंडुरोग व्हायचा. रक्त इतकं उतरायचं की बाळंतपणात बाई हाती लागायची नाही. हा आजार नेमका कशाने होतो हे शोधण्यासाठी त्यांना बोलावलं होतं. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचं काम चाले.

आधी संशय जंतूंवर होता. पण विल्सबाईंनी एक वेगळी गोष्ट केली. वेगवेगळ्या समाजांतल्या बायका काय खातात, कशा राहतात, याची पाहणी केली. थोडक्यात, त्यांनीही हाच प्रश्न विचारला, "तुम्ही काय खाता?" उत्तर ताटातच होतं. ज्यांच्या जेवणात भाजी, फळं, दूध यांचा दुष्काळ, त्यांच्यातच हा आजार. पुढे त्यांना आढळलं, की यीस्टचा एक साधा स्वस्त अर्क, विलायतेत ब्रेडला लावून खातात तो मार्माइट, दिला की या बायका उठून बसतात. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अज्ञात द्रव्याला पुढे त्यांचंच नाव पडलं, विल्स फॅक्टर. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड म्हणू लागले. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात लोहाबरोबर जी गोळी मिळते, तिची मुळं अशी मुंबईत आहेत.

विल्सबाईंचं आणखी एक निरीक्षण आपल्यासाठी फार महत्त्वाचं आहे. तेव्हा विलायतेत पंडुरोगाच्या दुसऱ्या एका प्रकारावर यकृताचा शुद्ध केलेला अर्क देत आणि तो लागू पडे. विल्सबाईंनी तोच शुद्ध अर्क आपल्या रुग्णांना देऊन पाहिला, तर गुण आला नाही. म्हणजे रक्त बनवायला लागणारी द्रव्यं दोन होती. एक पानात होतं. दुसरं कोणत्याच पानात नव्हतं.

यकृतापासून जिवाणूपर्यंत

ते दुसरं द्रव्य म्हणजे बी-१२. त्याचा इतिहास आपल्याला वाचायला अवघड जातो. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात मायनट आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवलं, की मरणाच्या दारातले रुग्ण रोज भरपूर यकृत खाल्ल्याने वाचतात. त्यासाठी १९३४ मध्ये नोबेल पारितोषिकही मिळालं. पण विचार करा, त्या काळी आपल्या एखाद्या आजीला हा आजार झाला असता तर? तिच्यापुढे औषध होतं आणि ते घेणं शक्य नव्हतं.

ही भिंत फुटली ती एका सूक्ष्म जिवाणूमुळे. अमेरिकेतल्या मेरी शॉर्ब या संशोधिकेला ठाऊक होतं, की लॅक्टोबॅसिलस कुळातला, म्हणजे आपल्या दह्यातल्या जिवाणूंच्या नात्यातला, एक जिवाणू हे द्रव्य मिळाल्याशिवाय वाढत नाही. मग अर्कात ते किती आहे हे रोग्यावर प्रयोग न करता या जिवाणूच्या वाढीवरून मोजता येऊ लागलं. त्यामुळे शोध झपाट्याने पुढे सरकला आणि १९४८ मध्ये अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये जवळजवळ एकाच वेळी बी-१२ चे लालभडक स्फटिक हाती आले. त्याची रचना उलगडली डोरोथी हॉजकिन यांनी, आणि १९६४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच. त्याच १९४८ साली कळलं, की हे द्रव्य जिवाणूंच्या विरजणातूनही मिळतं. पुढे उमगलं, की बी-१२ कोणताच प्राणी बनवत नाही आणि कोणतीच वनस्पती बनवत नाही. ते फक्त जिवाणू बनवतात. गाई-म्हशीच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात आणि ते तिच्या दुधात उतरतं. आज औषधातलं बी-१२ कारखान्यात जिवाणूंच्या विरजणातूनच तयार होतं. त्यासाठी यकृत लागत नाही. आपल्या आजीसमोरची भिंत आपल्यासमोर उरलेली नाही.

वेल्लोरची बाळं

एवढं सगळं मोठ्या माणसांबद्दल झालं. बाळांची गोष्ट १९६२ मध्ये पुढे आली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर या डॉक्टरांनी काही तान्ह्या मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. ही मुलं अंगावर पिणारी होती. सुरुवातीला बरी वाढली आणि मग मागे येऊ लागली. सुस्त झाली, शिकलेलं विसरू लागली, त्वचा काळवंडली, रक्त उतरलं. काहींचे हातपाय आपोआप हलायचे. आयांच्या शरीरात बी-१२ फार कमी होतं आणि म्हणून दुधातही कमी होतं. बाळांना बी-१२ दिलं आणि ती सुधारली.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हात थरथरले. माझ्या बाळाचं चित्र कुणीतरी आधीच काढून ठेवलं होतं.

यातला कार्यकारणभाव साधा आहे. पोटातलं बाळ आईकडून बी-१२ ची शिदोरी घेऊन येतं. आईचा साठा भरलेला असेल तर ही शिदोरी काही महिने पुरते, शिवाय रोजच्या दुधातून भर पडत राहते. आईचाच डबा रिकामा असेल, तर बाळ जेमतेम शिदोरी घेऊन येतं. तीन-चार महिने ती पुरते, म्हणून सगळं ठीक दिसतं. मग ती संपते. नेमक्या याच काळात मेंदूची वाढ सर्वांत वेगाने चाललेली असते. म्हणून इथे उशीर महागात पडतो. वेळेवर उपचार झाले तर बाळ भराभर सुधारतं, फार उशीर झाला तर मागे काही उणीव राहू शकते.

पुण्याजवळची सहा गावं

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायकांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवायची आणि मग त्यांच्या मुलांच्या मागे वर्षानुवर्षं राहायचं. सातशेहून अधिक बाळं या अभ्यासात जन्मली. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होतं.

या बायकांच्या ताटाचा हिशेब केला तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. एकूण अन्न किती खाल्लं याच्याशी बाळाच्या वजनाचा संबंध फारसा लागला नाही. संबंध लागला तो काय खाल्लं याच्याशी. ज्या बायका गरोदरपणात दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं अधिक वेळा खात होत्या, त्यांची बाळं अधिक मोठी होती. डोहाळजेवणात आपण "दोन जीवांचं खा" म्हणतो. खरं तर दोन जीवांचं निवडून खायला हवं.

पुढे आणखी एक गोष्ट कळली. यातल्या निम्म्याहून अधिक आयांमध्ये बी-१२ कमी होतं. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं, की ज्यांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनचा प्रभाव कमी पडताना दिसत होता. ही मधुमेहाकडे जाणारी वाट आहे. सरकारी लोह-फोलिकची गोळी चांगलीच आहे, ती चुकवू नका. पण तिच्यात बी-१२ नसतं. नुसत्या फोलिकने रक्त सुधारल्यासारखं दिसू शकतं आणि आत मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं. विल्सबाईंनी सांगितलेली दोन द्रव्यं इथे पुन्हा समोर येतात. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

मग आपण काय करायचं?

आता मैत्रिणींनो, आपल्या घराकडे बघू. कंदमूळ आपण खात नाही, अंडी-मांसाचा प्रश्नच नाही, चातुर्मासात पालेभाजीही अनेकजणी सोडतात. म्हणजे बी-१२ साठी आपल्याकडे दूध, दही, ताक आणि पनीर एवढंच उरतं. एक कप दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ असतं आणि अंगावर पाजणाऱ्या आईची रोजची गरज तीनच्या आसपास असते. ज्या बाईच्या पोटात दिवसभरात चहापुरतं दूध जातं, तिची गरज भागत नाही. दूध फार वेळ आटवलं की त्यातलं काही बी-१२ नष्टही होतं, त्यामुळे बासुंदीवर भिस्त ठेवू नका. डिंकाचे, आळिवाचे, मेथीचे लाडू बाळंतिणीला जरूर द्या. पण त्यांत बी-१२ नाही हे लक्षात असू द्या. स्पिरुलिनाच्या जाहिरातींवरही विसंबू नका, त्यातलं बहुतेक द्रव्य आपल्या शरीराच्या उपयोगी पडत नाही.

आमच्या घरात आता एक रीत पडली आहे. सुनेला किंवा लेकीला दिवस राहिले, की पहिल्या तपासणीतच बी-१२ बघून घ्यायला सांगायचं. शक्य असेल तर लग्नानंतर, दिवस राहण्याआधीच. कमी असेल तर डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन. कॅप्सूल असेल तर तिचं वेष्टण प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेल्या जिलेटिनचं असू शकतं, म्हणून गोळी किंवा थेंब मागून घ्यायचे. बाळ झालं की दर महिन्याला वजन आणि तक्त्यावर नोंद. एखाद्या महिन्यात वजन कमी वाढलं म्हणून घाबरायचं नाही. पण वाढ अडली आणि त्याबरोबर बाळ सुस्त झालं, हसेनासं झालं, मान सैल पडली किंवा पेरांवर काळेपणा आला, तर दृष्ट काढत बसायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि अंगावरचं पाजणं थांबवायचं नाही. आईचा साठा भरला की तिचं दूधही भरतं.

राहिला प्रश्न व्रताचा. हे माझ्या मनाला बरीच वर्षं टोचत होतं. मी रस सोडला ते चुकलं का? पुढे एका चातुर्मासात गावात आर्यिका माताजी होत्या, त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या वेळी तुझ्या शरीरावर एकटीचा हक्क होता का?" मी गप्प झाले. षोडशकारण भावना आपण सगळ्याजणी म्हणतो. त्यांत त्याग आणि तप या दोन्हींच्या आधी शक्तीनुसार हा शब्द आहे. तो शब्द मी कितीदा उच्चारला असेल, त्याचा अर्थ मात्र माझ्या बाळाने मला शिकवला. जी शक्ती दुसऱ्या जिवाची ठेव आहे, ती सोडून देण्याचा अधिकार मला नव्हता. पोटातला जीव पंचेंद्रिय आहे. मुंगीला जपणाऱ्या आपण त्याला कसं विसरावं?

म्हणून यंदा आषाढात कुणी गर्भारशी किंवा बाळंतीण तुमच्यासमोर "मी दूध सोडते" म्हणाली, तर तिचं कौतुक करण्याआधी तिला जवळ बसवा. तिला सांगा, सोडायला कितीतरी आहे. राग सोड, निंदा सोड, मोबाईल सोड. दूध नको सोडूस. ते तुझं एकटीचं नाही.

माझा मुलगा आता मोठा झाला आहे आणि मला उचलून घेतो एवढा धिप्पाड आहे. तरी दर महावीर जयंतीला पालखी दारावरून जाताना मला ते पाच महिन्यांचं न हसणारं बाळ आठवतं, आणि मी मनातल्या मनात त्या डॉक्टरबाईंना हात जोडते. त्यांनी माझ्या बाळाआधी माझ्या ताटाची चौकशी केली.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.